टाळ्या न वाजवायचा दिवस

२०१७ साली गुड फ्रायडे नेमका चौदा एप्रिलला आला. कॅलेंडरवर ते पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले होते. एकीकडे जर्मनीतला सगळ्यात गप्प दिवस, दुसरीकडे आमचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा. गुड फ्रायडेला इथे दुकानं बंद, नाचगाणं बंद. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या तरी हळू बोलतात. आणि औरंगाबादच्या आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. "घ्या! आता करा काय करायचं ते," असं मी त्या कॅलेंडरलाच म्हणाले. तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

त्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे लुडविग्सहाफेनला आले होते. मी इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. आप्पांचा जन्म गवंडीकामात गेला, आणि गाण्यात. वस्तीतल्या गायन पार्टीत ते चाळीस वर्षं कोरसला होते. मुख्य गायक ओळ म्हणणार, मागचे चौघे ती उचलणार; त्या चौघांतले एक आप्पा. पार्टीची एक कॅसेटही निघाली होती. तिच्यावर मुख्य गायकाचा फोटो, पेटीवाल्याचं नाव, ढोलकीवाल्याचं नाव आणि शेवटी 'आणि पार्टी'. आप्पा लोकांना कॅसेट दाखवायचे आणि त्या 'पार्टी'वर बोट ठेवून म्हणायचे, "हा मी."

पण त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं. त्यांच्या आईवर. ती विटा वाहायची, आणि एका चौदा एप्रिलला विहारात तिने आयुष्यातली पहिली सही केली, त्यावर. हे गाणं स्टेजवर कधीच गेलं नाही. दर जयंतीला सकाळी आप्पा ते घरातच म्हणायचे, माझ्या आईसमोर आणि माझ्यासमोर. मी अठराव्या वर्षी वसतिगृहात गेले ती गेलेच. मला त्याची सुरुवात तेवढी आठवत होती, तीही अर्धवट.

आदल्या वर्षी आप्पांच्या घशात गाठ निघाली. किरणांचा शेक दिला, बरं वाटलं, पुन्हा उलटलं. आता स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मे महिन्यातली तारीख ठरली. तेव्हा आप्पांनी डॉक्टरांना सांगितलं, "एकदा पोरीकडं जाऊन येतो. यंदाची जयंती तिच्याकडं करतो. एक गाणं हाय, ते तिच्या फोनात भरून ठेवतो. मग कापा काय कापायचं ते." डॉक्टर चिडले, पण हो म्हणाले.

तर आप्पा आले ते हे एकच काम घेऊन. आल्या दिवशीच मी म्हटलं, "आप्पा, आत्ताच म्हणा ना. दोनदा रेकॉर्ड करू. घशाचा काय भरवसा?"

"न्हाई. ते त्या दिवसाचं गाणं हाय. आधी म्हटलं की शिळं होतं."

"अहो, पण—"

"चौदा तारखेला म्हणणार म्हणजे म्हणणार. तू नको काळजी करू, माय."

हट्टीपणा आमच्या घराण्यात भरपूर आहे, त्यामुळे मी नाद सोडला.

चौदा तारखेला दुपारी माझाही कार्यक्रम होता. नदीपलीकडे मानहाइमला एका मोठ्या बरोक चर्चमध्ये हौशी लोकांचा कोरस आहे, त्यात मी चार वर्षं गात होते. प्रयोगशाळेतल्या एका सहकारी बाईने मला तिथे नेलं. तेव्हा मी इतकी एकटी पडले होते की भजनी मंडळ असतं तरी गेले असते. मला नोटेशनचा ओ की ठो कळत नव्हता. दर बुधवारी संध्याकाळी घासून घासून शिकले. गुड फ्रायडेला इथे येशूच्या शेवटच्या दिवसाची कथा अडीच-तीन तास गाऊन सांगतात, तिला पॅशन म्हणतात. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. त्यात मोठे गायक बाहेरून बोलावतात, पण दासी, शिपाई अशी चिल्लर कामं कोरसमधल्यांनाच मिळतात. त्या वर्षी कांटोरने, म्हणजे आमच्या संचालकांनी, दासीचं काम मला दिलं होतं. दोन ओळी, फार तर दहा-बारा सेकंद. पण त्या दहा सेकंदांसाठी मी पंधरा दिवस बाथरूममध्ये गळा फोडत होते.

"तुझं काम काय तिथं?" आप्पांनी विचारलं होतं.

"कोरस."

"म्हणजे माझंच की!" त्यांना केवढा आनंद झाला होता.

कार्यक्रमाआधी दोन दिवस मी त्यांना चर्च दाखवायला नेलं. खरं सांगायचं तर मला स्वतःला ते चर्च सुरुवातीला आवडलं नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे सोनेरी नक्षी, ढगांतून डोकावणारी गुबगुबीत मुलं, पिळदार खांब, भिंतीचा वीतभर तुकडासुद्धा मोकळा सोडलेला नाही. माझे जर्मन मित्रही नाक मुरडतात, बरोक म्हणजे अति, म्हणतात. आप्पा मात्र दारातच थबकले. मग सरळ एका गुलाबी संगमरवरी खांबाकडे गेले आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मला धसका बसला, कुणी ओरडेल म्हणून.

"हा दगड न्हाई," ते म्हणाले.

"अहो, संगमरवर आहे तो."

"दगड गार लागतो. हे कोमट हाय. गिलावा हाय हा. रंग मिसळून केलेला, मग घोटून घोटून चकाकी आणलीय." त्यांनी दुसऱ्या खांबालाही हात लावला. "आईशप्पथ! काय हात असंल त्याचा."

मी माहितीचा फलक वाचला. खरोखरच गिलावा होता. चार वर्षं त्या खांबाला टेकून मी गात होते आणि मला पत्ता नव्हता. मग आप्पांनी वर पाहिलं. छतावर एक घुमट, त्यातून आभाळ, आभाळात माणसं. ते दहा पावलं इकडे गेले, दहा पावलं तिकडे गेले आणि खुदकन हसले. "सपाट हाय! नुसता रंगवलाय घुमट. काय फसवलंय बघ लेकानं!" फसवलं गेल्याचा आनंद झालेला माणूस मी तिथे पहिल्यांदाच पाहिला.

एका भिंतीवर युद्धानंतरचा फोटो होता. छप्पर नाही, खांब फुटलेले, जमिनीवर राडारोडा. मी सांगितलं, बाँब पडले होते, नंतर सगळं पुन्हा बांधलं. त्या फोटोसमोर आप्पा सगळ्यात जास्त वेळ थांबले. "म्हणजे हे दुसऱ्यांदा केलंय. मूळ करणाऱ्याचं नाव लिवलंय. ज्यांनी दुसऱ्यांदा केलं त्यांचं कुठाय?" मी फलक वरपासून खालपर्यंत पाहिला. नव्हतं.

घरी येताना मी त्यांना संगीताबद्दल सांगितलं. ऑर्गन वाजवणाऱ्यापुढे खालची एकच ओळ आणि काही आकडे लिहिलेले असतात, बाकीचं तो आपल्या मनाने भरतो, हे ऐकून ते म्हणाले, "आमचा पेटीवाला आकड्याबिगर भरायचा." एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळी नटवून म्हणतात, दुःखाची असली तरी नटवूनच म्हणतात, हे त्यांना लगेच पटलं. "दुःखाचं गाणं जास्तच नटवावं लागतं. न्हाईतर लोकं बसत न्हाईत."

माझा प्रसंगही नीट समजावला. गुरूला पकडून नेलंय. शिष्य बाहेर घाबरून उभा आहे. दासी त्याला बघते आणि विचारते, तूही त्याच्यातलाच ना? तो मान हलवतो, नाही म्हणतो, मी त्याला ओळखत नाही.

"आणि दासी तू?"

"हो. आणि आप्पा, एक सांगते, नीट ऐका. शेवटी टाळ्या वाजवायच्या नाहीत. गुड फ्रायडेला वाजवत नाहीत. गाणं संपलं की सगळे गप्प उठून जातात. कागदावर छापलेलंसुद्धा असतं."

"इतकं गाऊन टाळी न्हाई?" ते जरा हिरमुसले. "बरं बाई. न्हाई वाजवणार."

चौदा तारखेला सकाळी ते लवकर उठले. पांढरा सदरा, गळ्यात निळा रुमाल. फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. मी खीर करून ठेवली. गाणं संध्याकाळी, कार्यक्रमाहून आल्यावर, असं आमचं ठरलं. सकाळी मला गळा तापवायचा होता, आणि डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. म्हणजे त्यांचं गाणं माझ्या दहा सेकंदांसाठी थांबलं, हेही इथे लिहून ठेवते.

आप्पा दुसऱ्या रांगेत कडेला बसले. सगळीकडे काळे, राखाडी कोट आणि मध्ये तो एक निळा रुमाल. पहिल्या कोरसपासून ते डोळे मिटून मान डोलावत होते. मला बरं वाटत होतं आणि अवघडल्यासारखंही होत होतं, कारण आजूबाजूला एकाचीही मान हलत नव्हती.

माझी वेळ आली. मी एक पाऊल पुढे झाले आणि माझ्या दोन ओळी म्हटल्या. चांगल्या लागल्या. मलाच कळलं, सूर अगदी नेमका जागेवर बसला. मी श्वास घेतला आणि त्या शांततेत आवाज आला, "वा! वा गं वा!"

घोगरा, फाटका, पण चांगला खणखणीत. चाळीस वर्षं कोरस धरलेल्या माणसाचा. कांटोरचा हात हवेत थबकला. शिष्याचं काम करणाऱ्या गायकाचं 'नाही' अर्धा क्षण उशिरा आलं. दोन-तीनशे माथी एकदम वळली. मी फाइलमध्ये डोकं खुपसलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले होते. पुढचा दीड तास मी काय गायले देव जाणे.

शेवटचा कोरस संपला. कुणीही टाळी वाजवली नाही. आप्पांनीही नाही, हात मांडीवर ठेवून बसले होते. लोक गप्प उठले आणि गेले. आम्ही कोरसवाले बाजूच्या खोलीत गेलो, तिथे फाइली ठेवायच्या असतात, कोट घ्यायचे असतात. माझ्या शेजारी गाणाऱ्या बाई तिथे होत्या. साठीच्या, शिस्तीच्या, चार वर्षं माझे जर्मन उच्चार सुधारणाऱ्या. वाईट नव्हत्या हो. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात आप्पा उभे होते, मला शोधत, हसऱ्या चेहऱ्याने.

बाईंनी मला हळू आवाजात विचारलं, "ते मध्येच ओरडलेले गृहस्थ, ते तुमच्याबरोबर आहेत का?"

मी मान हलवली. "नाइन," म्हणाले. नाही.

का? आजवर हजार वेळा विचारलंय स्वतःला. हो म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? बाई हसल्या असत्या, पुढे होऊन हात मिळवला असता, बास. पण चार वर्षं मी त्या खोलीत त्यांच्यातली एक व्हायला धडपडत होते, आणि त्या एका 'वा'ने सगळं मातीत गेलं असं मला वाटलं. लाज वाटली. आपल्या बापाची लाज वाटली, दुसरा शब्द नाही त्याला. दोन तासांपूर्वी स्वतः गायलेला प्रसंग मी जशाच्या तसा करत होते आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, इतकी मी मूर्ख.

बाई "आख सो", म्हणजे असं होय, म्हणाल्या आणि कोट घालू लागल्या. मी मागच्या दाराने अंगणात उतरले आणि तिथून आप्पांना फोन लावला. "आप्पा, तिकडे गर्दी आहे. तुम्ही थेट ट्रामच्या थांब्यावर या, मी मागून येते."

"बरं," ते म्हणाले.

ट्राममध्ये त्यांनी कार्यक्रमाचा कागद नीट चार घड्या घालून खिशात ठेवला. "टाळी न्हाई वाजवली मी," म्हणाले.

"हो, आणि मध्येच ओरडलात ते?" मी ट्राममध्येच कडाडले.

"ते व्हय? ते गेलं तोंडातून. टाळी नको म्हणालीस. दाद देऊ नको, असं कुठं म्हणालीस?" एवढं बोलून ते खिडकीतून नदीकडे बघत राहिले. मला वाटलं, विषय संपला.

घरी पोचलो तेव्हा सात वाजत होते, बाहेर चांगलं ऊन होतं. मी खीर गरम केली. पुस्तकांची चळत लावून तिला फोन टेकवला, समोर खुर्ची ठेवली. आप्पांनी हातपाय धुतले, रुमाल नीट केला, येऊन बसले. फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"घसा बसलाय," ते म्हणाले. "राहू दे."

"अहो, असं काय? आलात कशासाठी?"

"न्हाई जमायचं आज. खीर दे."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. खालच्या बाई काय म्हणतील ही धास्ती सकाळपासून होतीच, शिवाय मी दमले होते, चिडले होते. मी फार आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "आता कशाला? चौदा तारीख गेली." तिसऱ्या दिवशी मी जरा हात जोडून विचारलं, तर विषयच बदलला. आठवडाभरात ते परत गेले. मे महिन्यात ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

मला सुट्टी मिळून घरी जायला जुलै उजाडला. आप्पा बारीक झाले होते. गळ्याला समोर भोक, त्यावर जाळीचा पांढरा कपडा. बोलायचं असलं की शंभरपानी वहीत लिहायचे. सही शिकलेल्या बाईचा मुलगा, अक्षर सुंदर होतं.

मी म्हटलं, "आप्पा, ते गाणं तरी लिहून द्या." त्यांनी लगेच लिहिलं. चौदा ओळी, एकही खाडाखोड नाही. मी वाचल्या. विटा होत्या, सही होती, आजीचा थरथरणारा हात होता. पण चाल? चालीचं काय करायचं? त्यांना पेटी येत नव्हती. पार्टीचा पेटीवाला वारला होता. आई वारली होती. मी मला आठवत होती तेवढी सुरुवात गुणगुणून पाहिली, तर त्यांनी मान हलवली. असं नाही. मग दुसऱ्या प्रकारे म्हटली. नाही. तिसऱ्या प्रकारे. त्यांचे ओठ हलत होते, छाती भरत होती, आणि त्या भोकातून नुसती हवा येत होती. बोटांनी मांडीवर ठेका धरून दाखवला. ठेक्यावरून चाल थोडीच कळते?

माझा संयम सुटला. मी रडत रडत त्यांच्यावरच ओरडले. आजारी माणसावर. "तेव्हा म्हणायला काय झालं होतं? सगळी तयारी करून बसले होते ना मी? घसा काही इतका बसला नव्हता! दुपारी तर चांगले ओरडलात चर्चमध्ये!"

आप्पांनी वही पुढे ओढली. लिहिलं, *घसा बसला नव्हता.*

त्यांनी खाली लिहिलं, *ती बाई विचारत होती तेव्हा मी दारात होतो. तू मान हलवली.*

"आप्पा, ती वेगळंच काहीतरी..." मी सुरुवात केली आणि थांबले. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. पण प्रसंग मीच त्यांना समजावून दिला होता. कोण विचारतं, कोण मान हलवतं, सगळं.

मग लिहिलं, *राग नाही. पण मग कुणापुढे म्हणू?*

मी त्यांचा हात धरला. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला, वही पुन्हा स्वतःकडे वळवली आणि आणखी एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर वही माझ्या मांडीवर ठेवली आणि तोंड भिंतीकडे करून झोपले.

*तुझा सूर मात्र बरोबर लागला होता.*